पाठीतली सुई

पालमकडच्या मनकर्णाबाईची कंबर दोन वर्षांपासून धरली होती. मेंढरांमागं चालणं सुटलं, तसा मुलगा बिरदेव तिला परभणीच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन आला. सकाळी अकराला डॉक्टरांनी मणक्यात इंजेक्शन दिलं. "दोन तासांत उठून बसाल," म्हणाले.

दुपारचे दोन वाजले, तरी पाय जड ते जडच. उलट पाठीत निखारा ठेवल्यागत आग उठली होती. बिरदेव औषधं आणायला गेलेला. "बधिरपणा उतरेल, झोपा जरा," म्हणून नर्स नीलम निघून गेली. मग लाईट गेली. पंखा थांबला. फिनेलच्या वासाखालून कसलातरी शिळा, ओलसर वास वर आला... मनकर्णाबाईचे डोळे मिटायला लागले.

"झोपू नको, माय..." हिरव्या पडद्यापलीकडून कुणी बाई हळूच बोलली.

"कोन हाय?"

"मला बी उतरंल म्हनले व्हते. मी झोपले... उठले तर पाय माझे नव्हतेच. सुई कधी टोचली?"

"अकराला."

"मंग हाय येळ. वरड."

मनकर्णाबाईनं पायाचा अंगठा हलवून पाहिला. हलेना. मग माळापल्याडची मेंढरं वळवणारी हाळी तिनं पोटातून दिली, "येऽऽ हो! माझे पाय गेले!"

अख्खा दवाखाना धावला. नीलमनं पडदा ओढला. पलीकडं हातभर जागा, आणि नुसती भिंत.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. तिला कळलंच नाही. त्यांचा चेहरा उतरला. तपासणीत दिसलं, मणक्यात रक्त साकळून नसा दाबल्या जात होत्या. "संध्याकाळ झाली असती, तर..." डॉक्टर म्हणाले. लगेच ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी अंगठा हलला. बिरदेव एवढा थोराड गडी, पण वॉर्डात हमसून रडला.

चार महिन्यांनी मनकर्णाबाई पोखर्णीच्या नरसिंहाला निघाली. शेवटचा कोसभर हट्टानं पायी. काठी नाही, कुणाचा हात नाही. बिरदेवलाही तिनं मागं टाकलं. तोच धापा टाकत म्हणाला, "आई, लय पळायलीस!"

कळस दिसला, तशी ती खदखदून हसली. आपली पावलं डोळे भरून पाहावीत म्हणून मागं वळली. फुफाट्यात ती ठसठशीत उमटली होती.

त्यांना खेटून दोन लांब रेघा होत्या... कुणी मेलेले पाय फरफटत आणल्यागत. थेट तिच्या टाचेपर्यंत.

तिनं पुन्हा कळसाकडं तोंड वळवलं. पुढं निघाली, फक्त थोडी हळू.