शनिवारची डुलकी

चित्राकडे आधी वहिनीचं लक्ष गेलं.

"अगं बाई... ही तर तू!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की चित्रदालनातली सगळी माणसं वळली.

तीच होती. पुस्तकांच्या दुकानाच्या माळ्यावरची वेताची खुर्ची, छातीवर उपडं पडलेलं पुस्तक, आणि तोंड — चांगलं आ वासलेलं! खाली नाव : 'वाचक'.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बालवाडीत शिकवायची. आठवडाभर पोरांमागे धावून शनिवारी दुपारी पुस्तकांच्या गल्लीत जायची, पायी पायी दुकानं धुंडाळायची, आणि शेवटी त्या माळ्यावर पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर डोळा लागायचा.

पण खरी लाज वेगळीच होती. समोरच्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन बसणारा तो दाढीवाला... तिला जाग आली की त्याची नजर चटकन खाली वळायची. एकदा तिचं पडलेलं पुस्तक उचलून देताना त्याचे कान लाल झाले होते. तेव्हापासून शनिवारी ती नवे कानातले घालायची. आणि तो काय बघत होता? नमुना! फळांची परडी मांडावी, तशी ही!

"आवडलं?" मागून आवाज आला. ती वळली. तोच! तिला पाहून तो पांढराफटक पडला.

"झोपलेल्या माणसाचं चित्र... न विचारता?" तिचा आवाज चिरकला.

"चुकलं माझं." त्यानं मुकाट्यानं चित्र उतरवून तिच्यापुढे धरलं. "दर वेळी वाटायचं, आज विचारू. पण तुम्ही जाग्या झालात की तोंडातून शब्दच फुटायचा नाही. फाडून टाका हवं तर."

वहिनीनं शहाण्यासारखा पलीकडच्या मातीच्या घोड्याकडे मोर्चा वळवला.

तिनं चित्र जवळून पाहिलं. कानातले किती निगुतीनं काढले होते...

"बाकीची चित्रं एका बैठकीत झाली," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "हे — मुद्दामच पुरं करत नव्हतो. प्रदर्शन तोंडावर आलं, म्हणून नाइलाजानं..."

"मुद्दाम का?"

"पुरं झाल्यावर तिथं यायला निमित्त काय राहिलं असतं?"

तिचे गाल तापले. लाजेनं, की... तिचं तिलाच कळेना. तिनं चित्र काखोटीला मारलं.

"हे मी नेते. आणि निमित्त नसलं तरी या. मात्र पेन्सिल आणायची नाही."

"मग हातांचं काय करू?"

"ते मला काय विचारता!" म्हणाली खरी, आणि लगेच जीभ चावली.

पुढच्या शनिवारी तो खरंच रिकाम्या हातांनी आला. ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

"आज झोप नाही?" त्यानं विचारलं.

"तोंड मिटून बसायला शिकतेय."

दोघं इतकी हसली, की खालून दुकानदार ओरडला, "अहो, माळा वाचायला आहे! बोलायचं तर हळू!"

आता हळू बोलायचं, म्हणजे जवळ बसणं आलंच. त्यानं आवाज न करता आपली खुर्ची उचलली.