बॉनेट उघडलं की शहाणी

गाडी घरात राहिली तर चिंगीचा फायदा ठरलेला होता: सुट्टीभर आजोबांच्या शेजारची सीट. गाडी गेली तर आजोबांचं काय जाणार, ते मात्र नफा-तोट्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

काल उतारावर आजोबांनी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि तो अडकलाच. पाय काढला तरी इंजिन बोंबलतच होतं. आजोबांनी किल्ली बंद केली, ब्रेकवर उभे राहिले, तेव्हा कुठे चाळीस वर्षांची ती गाडी वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. महिन्यातली ही तिसरी खेप. "बाबांचा पाय जड झालाय," असं मामा घरभर सांगत होता. आजोबांनाही ते पटलं. गाडी विकून टाकू, उद्या दहाला गिऱ्हाइकाला बोलवा, म्हणाले.

आता साडेनऊ झाले होते.

मिस्त्रीकाकांनी केबल बदलली होती, स्प्रिंग बदलली होती, कार्ब्युरेटर दोनदा धुतला होता. पण त्यांनी बॉनेट उघडून पेडल दाबलं, की गाडी पाहुण्यांसमोरच्या कार्ट्यासारखी शहाणी व्हायची. आज त्यांनी हात टेकले. चिंगीचा मामेभाऊ, ज्याला सगळे वकील म्हणत, तोही गाडीची बाजू मांडून मांडून थकला होता.

चिंगी मात्र कालचं आठवत होती. वाळूत गाडी थांबल्यावर मामाने बॉनेट उचललं, तेव्हा आत 'खट्' असा आवाज झाला होता. बंद इंजिनात खट् करायला कोण बसलं होतं?

"काका, बॉनेट लावून कधी पेडल दाबलंत?"

"बॉनेट लावल्यावर मला काय दिसणार, पोरी?"

"तुम्हाला नाही. कणकेला दिसेल."

वकिलाने मामीच्या परातीतून कणकेचा गोळा पळवला आणि केबलच्या टोकाला असलेल्या, पेडल दाबलं की वर उठणाऱ्या दांडीवर थापला. काकांनी बॉनेट लावलं. इंजिन बंदच होतं. चिंगीने पेडल तळापर्यंत दाबून सोडलं. ते वर आलंच नाही.

काकांनी बॉनेट उचललं. खट्. पेडल टुणकन वर आलं. कणीक चपटी झाली होती, आणि तिला राखाडी केस चिकटले होते. सगळ्यांच्या माना बॉनेटच्या आतल्या बाजूकडे वळल्या. तिथे राखाडी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर उष्णतेने सुटून लोंबत होता, आणि पूर्ण वर गेलेली दांडी त्यातच रुतत होती.

मामा घसा खाकरून म्हणाला, "आवाज कमी व्हावा म्हणून मीच चिकटवला. महिना झाला असेल. त्याचा पेडलशी काय संबंध, असं वाटलं."

"आणि मी चौदा वेळा बॉनेट उघडलं," काका म्हणाले. "लावून बघायचं या पोरीलाच सुचलं. आमच्याकडे कामाला ये गं."

गिऱ्हाईक दहाला आलं, चहा प्यायलं, हात हलवत गेलं.

खर्चाचं म्हणाल तर नमदा खरवडताना मामाची नखं गेली. काकांनी शेवटची मजुरी घेतली नाही. मामीला कणीक पुन्हा मळावी लागली. सगळ्यात मोठी रक्कम आजोबांनी आधीच भरली होती: महिनाभर त्यांनी आपल्या पायावरचा विश्वास गमावला होता. मामाने गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. पण ती रक्कम परत कशी करायची, हे त्याला कुणीच सांगू शकत नव्हतं.