मसुदा नामंजूर

मार्गळी महिन्यातला, ऐन थंडीतला सकाळचा उजेड आमच्या कचेरीत फार सावकाश शिरतो. प्रथम तो चाचणीच्या शेडच्या पत्र्यावर टेकतो. मग पूर्वेच्या खिडकीतून आत उतरतो आणि ओळीने मांडलेल्या, इडलीचे पीठ वाटायच्या ग्राइंडरांच्या पोलादी भांड्यांवरून, एकेक भांडे चाचपत असल्यासारखा, पुढे सरकतो. दगड घासल्याची बारीक पांढरी धूळ त्यात तरंगत असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी तो थोडा रेंगाळतो, कुणाच्या तरी कॉफीच्या टंबलरची कड उजळवतो, आणि सव्वानऊच्या सुमारास तिसऱ्या टेबलावर पोचतो. त्यात पाहण्यासारखे विशेष काहीच नाही. कोइम्बतूरमधल्या कुठल्याही कारखान्यात असाच उजेड पडत असेल. तरीही मी तो रोज पाहत असे. माणसांकडे पाहण्यापेक्षा ते सोपे होते.

त्या दिवशी तिसऱ्या टेबलापाशी एक नवी मुलगी बसली होती. संगणकाच्या पडद्यावर ऊन आले होते आणि दोन्ही हातांचा आडोसा करून ती काहीतरी वाचू पाहत होती. अखेर ती उठली आणि सरळ माझ्याकडे आली.

"तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे का हो? माझ्या जागेवर सूर्यनारायण येऊन बसलेत. उठा म्हणावं, तर वडीलधारे..."

मी खुर्चीवरची वायरींची पिशवी उचलली. उत्तर म्हणून मला तेवढेच सुचले.

तिचे नाव तामरै. ती पोल्लाचीची होती, आणि माझ्याप्रमाणेच तिलाही ग्राहकांच्या मेलना उत्तरे द्यायची होती. उन्हाची वेळ टळल्यावर ती परत जाईल, असे मला वाटले होते. ती गेली नाही.

त्याच सुमारास कंपनीने एक काम माझ्यावर सोपवले. रोजच्या दोनशे मेलपैकी ठरावीक प्रश्नांना आपोआप उत्तर देणारा एक सहायक मला उभा करायचा होता. त्यासाठी प्रोग्राम लिहिण्याची फारशी गरज नव्हती. पडद्यावर चौकोन ओढून आणायचे आणि बाणांनी जोडायचे: मेल आला, विषय ओळखला, जुन्या उत्तरांवरून मसुदा तयार झाला. मात्र मसुदा कुणाचाही असो, सहायकाचा वा माणसाचा, दुसऱ्या कुणीतरी तो वाचून 'मंजूर' केल्याशिवाय बाहेर जात नसे. नामंजूर केला, तर कारण लिहावे लागे. हे काम तामरैकडे आले, आणि ती कारणे वाचण्यासाठी मी कचेरीत लवकर येऊ लागलो.

"नामंजूर. कारण: बाई सांगतेय पीठ आंबत नाही, आणि हा तिच्याकडे बिल मागतोय."

"नामंजूर. कारण: एका मेलमध्ये तीनदा 'आदरणीय'. हा काय मतं मागायला आलाय?"

"तुमच्या या सहायकाला मी नाव ठेवलंय," एकदा ती म्हणाली. "माप्पिळ्ळै."

"जावई? का?"

"गोड बोलतो, पाय पसरून बसतो, आणि कामाचं विचारलं की पुस्तिकेचं पान बारा बघा म्हणतो."

मी हसलो. माझे हसणे ऐकून तिने मान वळवली, जणू हा आवाज माझ्यात असेल असे तिला वाटले नव्हते. मी लगेच पडद्याकडे पाहू लागलो.

मग मंगळवार सुरू झाले.

मलेशियातल्या पेनांगमध्ये मेय्यप्पन नावाच्या तरुणाचे इडलीचे दुकान होते. त्याने प्रथम दगडाच्या आवाजाबद्दल विचारले; तामरैने उत्तर दिले. पुढच्या मंगळवारी त्याने आभार मानले आणि समुद्राकाठच्या दमट हवेत पीठ किती वेळ ठेवावे, हे विचारले. तिसऱ्या मंगळवारी त्याने काहीच विचारले नाही, नुसतेच लिहिले. तामरै ते पत्र वाचून दाखवू लागली.

"ऐका ना, गुणा. म्हणतो, 'तुमच्या सांगण्याप्रमाणे उडीद वेगळे वाटून घेतले. आज इडल्या इतक्या हलक्या झाल्या की पंखा बंद करावा लागला!' " ती खळखळून हसली. "माणूस मजेदार आहे, नाही?"

"हमी संपलेली आहे त्याची," मी म्हणालो.

"इडलीची?"

"ग्राइंडरची."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले... आणि उत्तर टंकू लागली. तिची बोटे इतर पत्रांना इतक्या मऊपणे उत्तर देत नव्हती. निदान मला तसे वाटले. मी त्या पत्रांतल्या ओळी मोजू लागलो. त्याच्या बावीस, तिच्या अठरा. तिने मंगळवारी मोगरा माळला, तर तो कुणासाठी, असे मी स्वतःला विचारत असे. पेनांगला मोगऱ्याचा वास पोचत नाही, हे कळत असूनही.

याला हेवा म्हणत नाहीत, असे मी मनाशी ठरवले होते. हा कामाच्या शिस्तीचा प्रश्न होता.

आभाराच्या आणि गप्पांच्या मेलना सहायकाने मंजुरीशिवायच उत्तर द्यावे, अशी परवानगी त्या आठवड्यात मिळाली होती. एका सकाळी, तामरै कॉफी आणायला गेलेली असताना, मी त्या वाटेवर आणखी एक चौकोन ओढून ठेवला. त्यात पेनांगचा मेल-पत्ता भरला आणि बाण जोडला. मोजून दहा सेकंद लागले.

पुढचा मंगळवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही.

"पेनांगचं काही आलं नाही हो?" तिने विचारले.

"कामात असेल."

"हं." तिने पुन्हा एकदा टपाल चाळले. "की दुसरं कुणी सापडलं सल्ला द्यायला?"

ती हसत होती, पण त्या हसण्यात नेहमीची खळखळ नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिची शांतता माझ्या शेजारी येऊन बसली होती आणि तिच्याशी काय बोलावे, हेही मला ठाऊक नव्हते.

शुक्रवारी फोन वाजला आणि तामरैने तो घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

"चार दिवस? ... पट्टा तुटला? ... नाही हो, मला एकही मेल... काय उत्तर आलं?" तिने कागदावर काहीतरी लिहून घेतले. "मी बघते. आत्ता बघते. माफ करा."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मेय्यप्पनांचं दुकान सोमवारपासून बंद आहे. त्यांनी तीन मेल केले. आणि आपल्या जावयानं तिन्हींना एकच उत्तर दिलं: 'आपल्या स्नेहाबद्दल आम्ही आभारी आहोत.' " तिचा आवाज खाली आला. "स्नेहाबद्दल, गुणा! माणूस पट्टा मागत होता."

"सहायक... स्वतःहून शिकतो कधीकधी," मी म्हणालो. "सवयीनं त्याला वाटलं असेल, ही गप्पांची पत्रं."

आमच्या धंद्यात ही सबब सहसा खपते. यंत्राने काहीतरी शिकले म्हटले की कुणी पुढे विचारत नाही. परंतु प्रत्येक चौकोनाच्या पोटात, तो कुणी आणि केव्हा जोडला, याची नोंद असते. ती कशी उघडायची, हे मीच तामरैला शिकवले होते. तिने ती उघडली. माझे नाव वाचले. तिने पेनांगला पट्टा पाठवण्याची व्यवस्था केली आणि मग एवढेच म्हणाली,

"त्यांना माफीचा मेल तुम्ही लिहा. मंजूर मी करते."

मी लिहिले: 'तांत्रिक अडचणीमुळे आपली पत्रे आमच्यापर्यंत पोचली नाहीत.'

पाठोपाठ तिचे उत्तर पडद्यावर उमटले. नामंजूर. कारण: खोटं.

मी लिहिले: 'एका चुकीच्या नियमामुळे आपली पत्रे अडली.'

नामंजूर. कारण: नियमाला हात फुटतात का?

दोन हातांच्या अंतरावर बसून ती हे लिहीत होती आणि मला मान वळवून पाहण्याचे धैर्य नव्हते. मी तिसऱ्यांदा लिहिले: 'तुमची पत्रे मी अडवली. तामरैचा यात दोष नाही, सहायकाचाही नाही. तुमचे दुकान माझ्यामुळे बंद राहिले. मला क्षमा करा.'

या वेळी खूप वेळ लागला. मग पडद्यावर 'मंजूर' आले आणि मेल निघून गेला.

"त्यांना एवढं पुरे," शेजारून ती म्हणाली. "मला पुरे नाही. का अडवलीत?"

मी टेबलावरच्या वायरी गुंडाळू लागलो.

"बरं, मी विचारते ते सांगा. मला मनातल्या मनात वाचता येत नाही का हो?"

"येतं."

"मग ती पत्रं मी मोठ्यानं का वाचायचे?" तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ती चिडली होती, खरोखर चिडली होती. "इथं ऐकणारा एकच माणूस बसतो. वाटायचं, आज तरी म्हणेल, पुरे करा त्याचं कौतुक. आज तरी काही बोलेल. आणि हा म्हणतो काय, तर... हमी संपली!"

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. इतक्या जवळून मी तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि राग होता, आणि ती वाट पाहत होती.

"सांगा," ती म्हणाली. "याला मंजुरी लागत नाही."

"मला त्याचा हेवा वाटत होता," मी म्हणालो.