लगेच पाजा!

भालकीच्या दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर बसवप्रभूपुढं एक मुलगी येऊन बसली. मांडीवर अठरा दिवसांचं बाळ, कानांवर घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि डोळे असे, की भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागं पडलं. खोटं न्हाई, तिथल्या नर्सला विचारा!

"दूध ओढंना बघा," शैलश्री म्हणाली. "तोंड लावतंय, सुटतंय... दिवसादिवसाला वाळायलंय. वाचंल ना?"

बसवप्रभूनं बोटानं बाळाची जीभ उचलली. खाली पातळ कातडीची तार ताणलेली. जीभ पुढं येईचना.

"एवढंच हाय. कात्री लावली की मोकळी."

"कात्री?" शैलश्री पांढरीफटक पडली. "गावची सुईण सोजराबाई नखानं तोडायला टपलीय, तिच्या हातातनं पळवून आणलं... अन् तुम्ही कात्री म्हणता?"

"नखानं घाण जाते आत. माझी कात्री उकळलेली हाय... भिऊ नका."

'भिऊ नका' इतक्या हळू म्हणाला, की तिनं मान हलवली.

कच्! रक्ताचे दोन थेंब. बाळ असं किंचाळलं, की स्टेशनातली गाडी शिट्टी समजून वेळेआधीच सुटली.

"आता लगेच पाजा, रक्त थांबतं." बाळ तिच्या हातात देऊन डॉक्टरनं भिंतीकडं तोंड केलं.

"पाजू? मी?... अहो, माझं लग्नसुद्धा झालं न्हाई!"

तो गर्रकन वळला. "मग बाळंतिणीसारखे कान कामून बांधलात?"

"टमटममधी वारं लागतंय म्हणून! मी मावशी हाय. अक्का भाईर बसलीय, भिऊन!"

दोघंही थिजले... आणि बाळ घेऊन एकदमच दाराकडं पळाले.

बाहेर बाकावर बसलेल्या अक्कानं, उमादेवीनं, बाळ पदराखाली घेतलं. एक क्षण... दोन... गटक्. पुन्हा गटक्.

"ओढायलंय गं, शैला!"

शैलश्रीनं स्कार्फ सोडून डोळे पुसले. बसवप्रभू बघतच राहिला.

"आठ दिवसांनी वजनाला आणा. तुम्ही... तुम्हीच आणा."

आठव्या दिवशी वजन पावशेरानं वाढलेलं.

"आता यायची गरज न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

"न्हाई?" तिचा चेहराच उतरला.

"बाळाला न्हाई. मीच तुमच्या गावी, मेहकरला येतो म्हणतो... तुमच्या अप्पांना भेटायला."

ती लाजेल असं त्याला वाटलं. तिनं फोनच लावला.

"अप्पा, आईतवारी घरी हाव का? डॉक्टर येणार हाईत... न्हाई हो, बाळ ठणठणीत हाय. त्यांना माझ्याशी लग्न करायचंय."

डॉक्टरच्या हातातनं स्टेथोस्कोप खाली पडला. रांगेतल्या बायांनी श्वास धरला.

"व्हय अप्पा," शैलश्री हळूच म्हणाली, "...मला बी."