मोना पळाली त्या पाडव्याला

“पावणं, म्हस माझ्या मागं पळंल त्या दिवशी आक्का तुमची! तवर न्हाय जमायचं!”

अमरसिंहाने पाहुण्यांना हे हसत हसत सांगितले, आणि आत गोठ्यात धार काढणाऱ्या आक्काचा हात मोना म्हशीच्या सडावर तसाच थबकला… आजऱ्याचे पिराजीराव, काजूचा छोटा कारखाना असलेले विधुर गृहस्थ, पुन्हा एकदा तिला मागणी घालायला आले होते; आणि धाकट्या भावाने तिच्या उभ्या आयुष्याचा निकाल एका म्हशीवर सोपवून दिला होता!

आई गेली तेव्हा अमरसिंह रांगत होता. त्याला वाढवता वाढवता आक्का चाळिशीला टेकली. मोनालाही तिनेच जगवले. जन्मतःच पोरके झालेले ते मरतुकडे रेडकू गवळी गल्लीत कुणी फुकट घेतले नसते, “हिच्यापरास शेळी बरी की!” म्हणून लोक खिदळत. आक्काने तिला बाटलीने दूध पाजले, पदराखाली झोपवले… आणि तिथेच चुकले! मोना आक्कावाचून कुणाला पान्हा घालीना, कुणाच्या हाकेला येईना. मग आक्काला साधे चार दिवस गावाला जाणेही होईना.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. मालक धडधडत्या मोटारसायकलवरून हाका मारत पुढे, म्हैस शिंगे उधळत मागे! गेल्या पाडव्याला मोना जागची हलली नाही, आणि सगळी गल्ली अमरसिंहाला हसली. तो राग त्याने आज आक्काच्या लग्नावर काढला होता.

पाहुणे गेले. आक्काने काठी उचलली. “तुझ्यामुळं… तुझ्यामुळं गं सटवे!” काठी वर गेली आणि वरच राहिली. मोना मान पुढे करून तिचा हात चाटत होती. आक्का तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. “कुठं जाऊ तुला सोडून? पर मला जायाचं हुतं गं… लई जायाचं हुतं!”

दाराआड अमरसिंह उभा होता. त्याच्या बायकोने, वर्षाराणीने, हळूच विचारले, “ऐकलंसा न्हवं?”

पाडवा आला. तुफान गर्दी, मोरपिसे, घुंगरांचा कल्लोळ… आणि अमरसिंह मोटारसायकलवर आला तेव्हा माणसे हसून हसून वाकली! त्याने आक्काचे जुने लुगडे अंगावर गुंडाळले होते, डोक्यावर पदर घेतला होता. अडल्या वेळी दुसऱ्याने धार काढायची तर नेहमीच्या बाईचे लुगडे नेसून बसावे, ही गवळ्यांची जुनी युक्ती; पण ती गोठ्याच्या आत, कुणी बघत नसताना. भर रस्त्यात, एवढ्या मिशीवाल्या गड्याने?

“अरं, ही नवरी कुणाची?” कुणीतरी ओरडले.

“माझ्या आक्काचं लुगडं हाय! हसा की किती हसायचं तेवढं!” असे म्हणून त्याने अगदी आक्काच्या सुरात हाक मारली, “ये गं मोने… ये गं बाय!”

मोनाने हुंगले, कान टवकारले, आणि निघाली… सगळ्यांच्या मागे, बुटकी, धापा टाकत, पण शेवटपर्यंत पळाली!

मोनाला दिसू नये म्हणून वर्षाराणीने आक्काला मुद्दाम लांब, गर्दीत उभे केले होते. मोनाचे दावे पुढे येऊन थांबलेल्या बायकोच्या हाती देऊन अमरसिंह धावत आला आणि आक्काच्या पायांवर कोसळला.

“पळाली की गं आक्का! आता धार मी काढीन, ह्येच लुगडं निसून. म्हशीचं निस्तं नाव, तुला बांधून घातलं ते मीच! पिराजीरावास्नी फोन केलाय… तू जा!”

“येडा हायस, अमऱ्या!” आक्काने त्याचे डोके पोटाशी धरले. दोघेही रडत होती.

मग तो मोनाला घेऊन घराकडे निघाला. लुगड्याचा वास घेत मोना निमूट त्याच्या मागे चालली. आक्काच्या काळजात कळ उठली, ओठांवर हाक आली… एकच हाक, आणि मोना गर्दी तुडवत उलटी धावत आली असती!

आक्काने पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि मोना दिसेनाशी होईतो तशीच उभी राहिली.