तलवारमाशाचा पर

टेर्शेलिंग बेटाच्या बोटीवर खिडकीजवळची एकच जागा उरली होती. मी बसले, कात्रण काढलं. आणि समोरचा तरुण ते उलटं वाचू लागला.

"बघू नका," मी म्हटलं.

"बघत नाहीये. तुम्ही अडलायत, ते दिसतंय… इतकंच."

बाबांचं शेवटचं सुडोकू होतं ते, अर्धवट राहिलेलं. त्यांची बेटावरची झोपडी आवरायला निघाले होते. त्याआधी मला ते पुरं करायचं होतं. अंदाजानं आकडा टाकायचा नाही, हा घरचा नियम. पण दर वेळी शेवटी एका ओळीत सातला जागाच उरत नसे.

"इथं तलवारमासा लावलाय, ती सुडोकूतली युक्ती," तो म्हणाला. "तीन ओळींतले सात तीनच रकान्यांत बसतात, म्हणून त्या रकान्यांतले बाकीचे, शक्यता म्हणून लिहिलेले बारीक सात खोडले. तुम्ही लावलात?"

"बाबांनी. ते चुकत नाहीत."

नाहीत… 'चुकत नसत' म्हणायला हवं होतं, पण मी वाक्य सुधारलं नाही. तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. त्यानंही सुधारलं नाही.

कॉफी आली, बशीत एकेक बिस्किट. त्यानं आपलं हळूच माझ्या बशीत सरकवलं. कॉफीबरोबर माणशी एकच बिस्किट हा आमच्याकडचा रिवाज; आपलं देऊन टाकणं म्हणजे जवळजवळ मागणी घालण्यासारखंच.

"हे कशाबद्दल?"

"आता जे सांगणार आहे त्याबद्दल. त्या तिनांतली मधली ओळ बघा. त्या तीन रकान्यांच्या बाहेरही एक बारीक सात आहे, बाबांनीच लिहिलेला. माशाला पर फुटलाय! असा मासा फक्त पराच्या तीन-बाय-तीन चौकोनातले सात खाऊ शकतो. बाबांनी त्याला एक जास्तीचा चारला."

काचेवरून पावसाची रेघ उतरत होती. मी खोडरबर पर्समध्ये ढकललं.

"मी त्यांचं काहीही खोडणार नाही."

"खोडायचं कुठं? खोडलेला एक सात परत ठेवायचा… बस्."

त्यानं आपली आखूड पेन्सिल माझ्याकडं सरकवली. स्वतः हात लावला नाही.

बाबांच्या अक्षराशेजारी मी बारीक सात लिहिला. मग एक घर सुटलं… मग दुसरं. तिसऱ्यापाशी माझा हात थांबला. बेटाचं दीपगृह दिसू लागलं होतं.

"का थांबलात?"

"संपलं की… संपलं ना."

तो हसला नाही. "मग उरलेलं परतीच्या बोटीवर. कधी जाणार?"

"रविवारी. तुम्हीही?"

"मी या बेटावरचाच. पलीकडं माझं काही काम नाही." त्याचे कान लाल झाले. "पण बोटीत बसायला काम कशाला लागतं? मी डाउवे."

"मी विट्स्के. रविवारी ये, डाउवे. पण मी विचारल्याशिवाय एकही आकडा सांगायचा नाहीस."

"आणि विचारलंच नाहीस तर?"

मी त्यानं दिलेलं बिस्किट मोडलं, आणि अर्धं त्याच्या बशीत ठेवलं.