कानाची खूण

तळ्याच्या बांधावर सकाळी दोन प्रकारची माणसं येतात. एक वजन घटवायला, दुसरी पक्षी बघायला. धाकटी दोन्हीत मोडत नव्हती. गळ्यात दुर्बीण आणि हातात मांजरांच्या खाण्याची बादली, म्हणून दोन्ही प्रकार तिच्यावर खार खाऊन असत. मांजरं पक्षी मारतात म्हणे. तळ्यात गटार सोडणाऱ्यांबद्दल मात्र सगळ्यांची दातखीळ बसलेली. मांजराला शिव्या घालणं सोपं, ते उलटून बोलत नाही.

धाकटी शिवणकाम करायची. मांजरं मुळात ताईची. ताई जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होती. बेवारस मांजर पिंजऱ्यात धरायचं, डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घ्यायचं, टाके स्वतः घालायचे आणि भूल उतरायच्या आत कानाचं टोक सरळ कापून जांभळं औषध लावायचं. डावा कान कापलेला दिसला की समजायचं, याचं झालं, आता धरू नका. उजवा कान ती क्वचित कापायची. त्याचा अर्थ, हे बाहेर जगणार नाही, याला सोडायचं नाही, घरी आणायचं. त्यासाठी पिंजऱ्यात आधी त्या मांजराच्या ओळखीचं फडकं घडी घालून ठेवायची. मग ते आपल्या पायांनी आत जायचं.

"जनावर दुखणं लपवतं गं," ताई सांगायची. आणि स्वतः छातीतली गाठ दीड वर्ष लपवून बसली. तिला जाऊन वर्ष झालं, धाकटीचा राग अजून गेला नव्हता.

आता धाकटीच्याच काखेजवळ गाठ लागली होती. बोराएवढी. तीन आठवडे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात गेलं की ठेवून घेतील, मग या अकरा मांजरांना कोण बघणार? बहिणीला शिव्या घालत ती अगदी बहिणीसारखीच वागत होती.

मंगळवारी ससा दिसला.

गवतात बसून तो पाती कुरतडत होता. धाकटीने दुर्बीण लावली. उजवा कान लांब, डावा बोटभर आखूड. कडा कात्रीने कापावी तशी सरळ, आणि तिच्यावर जांभळा डाग.

"बघितलंत का?" पलीकडून पोस्टमास्तर म्हणाले. निवृत्त माणूस, पक्ष्यांचा वेडा, मांजरांचा हाडवैरी. "तुमच्या ताईंनी आता सशांनाही सोडलं नाही वाटतं!"

मग त्यांना आठवलं. ते उगाचच चष्मा पुसत बसले.

बुधवारी मुंगूस. गुरुवारी खार, तिचा तो दाण्याएवढा कान, तोही डावा, तोही सरळ. धाकटीने सगळं वहीत टिपलं, वेळ आणि जागा घालून. जनावरांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं.

"रानातल्या जनावरांना कोण धरणार, बाई?" डॉक्टर हसले. "आम्हाला कुत्री आवरत नाहीत."

शुक्रवारी कोल्हा बांधाच्या मधोमध उभा होता. पळाला नाही. अंग वळवून त्याने कूस दाखवली, दाखवलीच म्हणायचं. कुशीवर केस भादरलेले, त्यात सहा टाके. हिरव्या दोऱ्याचे. धाकटीने दुर्बीण नीट केली. दोऱ्याला तीन वेढे आणि शेपूट आत दुमडलेलं, चाटताना दाताला लागू नये म्हणून. ही गाठ तिनेच ताईला शिकवली होती, एका जुन्या उशीवर.

घरी येऊन तिने दोऱ्यांचा डबा उघडला. तिने हात न लावलेलं हिरवं रीळ अर्ध्यावर आलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. ती रडली. पायपुसण्यावर बसून, पोटभर.

रविवारी बांधावर तिने पोस्टमास्तरांना गाठलं. "मला गाठ आहे. उद्या दवाखान्यात जातेय."

त्यांनी पक्ष्यांची वही मिटली.

"बादली कुठे ठेवता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही? तुम्हाला तर मांजरं बघवत नाहीत."

"अजूनही बघवत नाहीत. डोळे मिटून घालीन खायला. तुम्ही जा हो, उशीर करू नका. एकीने केला तेवढा पुरे."

तिने त्यांना घरी आणून ओट्यावरची बादलीची जागा दाखवली. लंगडी कुठे बसते, बोका कुणाला जेवू देत नाही, सगळं सांगितलं. त्यांनी ते पक्ष्यांच्या वहीत लिहून घेतलं. त्या रात्री ती कित्येक आठवड्यांनी शांत झोपली.

सोमवारी उजाडलं तेव्हा खोलीत औषधाचा वास होता.

तिचा हात सवयीने काखेकडे गेला. गाठ लागली नाही. पुन्हा चाचपलं. नव्हतीच. बोटांना खरखरीत काही लागलं. टाके. सहा. दुखत नव्हतं.

ती आरशासमोर गेली. हिरवा दोरा. तीन वेढे, शेपूट आत.

"ताई," ती म्हणाली. हसू आलं, रडूही. केवढा तो राग, तो क्षणात विरघळला. केलंस तर सगळं! वर्षभर उशिरा, पण केलंस.

मग तिला खूण आठवली.

डाव्या बाजूचे केस तिने मागे सारले. कान अख्खा होता.

बाहेर बादलीच्या कडीचा आवाज आला. पोस्टमास्तर असणार, बांधाकडे निघालेले.

तिने उजव्या बाजूचे केस मागे सारले.

कडा सरळ होती. जांभळी.

दाराशी, उंबऱ्याच्या आत, ताईचा पिंजरा होता. तो वर्षभर माळ्यावर पडून होता. आता पुसून लख्ख केलेला, दार उघडं. आत धाकटीची रोजची शाल, नीट घडी घालून.